सांदणच्या घळीत

आपल्या घरांतून पूर्वी जे प्रवास होत ते बहुधा देवाच्या निमित्ताने होत. काशी-रामेश्वर ज्यांस साधे त्यांचे भाग्य थोर. इतरांस पंढरपूर, गाणगापूर, निदान त्र्यंबकेश्वर तरी असेच. त्या ठिकाणी कसे वागावयाचे हे कोणी मुद्दाम शिकवीत नसे. वहाणा कोठे काढावयाच्या, कुंडात पाय बुडवावयाचे की नुसते पाणी डोळ्यांस लावावयाचे, गाभाऱ्यात किती वेळ थांबावयाचे आणि मागच्यास केव्हा वाट द्यावयाची, हे सर्व लहान मूल आजीचा पदर धरून चालता चालताच उचलीत असे. अलीकडे कुटुंबेच्या कुटुंबे सुट्टीस निघतात ती डोंगर, धबधबे, दऱ्याखोरी पाहावयास. हा पालट आम्हांस मनापासून आवडतो. परंतु जेथे देऊळ नाही तेथे देवळाची शिस्तही नाही, आणि तिच्या जागी दुसरी शिस्त अद्याप पुरती बसलेली नाही. मोकळ्या माळावर तिच्यावाचून निभून जाते. अरुंद जागी निभत नाही. गेल्या पौषात आम्ही घरची नऊ माणसे सह्याद्रीतील अशाच एका अत्यंत अरुंद जागी जाऊन आलो. तेथे सौजन्य आणि सुरक्षितपणा ह्या दोन निराळ्या गोष्टी राहतच नाहीत, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

ही जागा म्हणजे सांदणची घळ. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, अगदी कोकणच्या कड्यालगत, साम्रद नावाचे लहानसे गाव आहे. गावापासून थोडे चालून गेले की माळ एकाएकी दुभंगलेला दिसतो. लांबून काही कळत नाही. झाडांची एक गर्द रेघ तेवढी दिसते, आणि त्या रेघेशी जावे तो पायांखालची जमीन उतरू लागते. घळ फार लांब नाही, एक-दीड किलोमीटर असेल. दोन्ही अंगांच्या काळ्या भिंती मात्र कोठे दोनशे, तर कोठे चारशे फुटांपर्यंत सरळ उभ्या आहेत, आणि मध्ये वाट अशी की काही ठिकाणी दोन माणसांनी शेजारून निघणे कठीण. माळावरून आत शिरलेली ही फट उतरत उतरत पश्चिमेकडे जाते आणि कोकणावर एकदम तुटते.

नावाविषयी आमच्या घरी निघण्यापूर्वीच वाद झाला. मुलांस सांदण म्हणजे फणसाच्या रसाची, हळदीच्या पानात वाफवलेली, एवढेच ठाऊक. तेव्हा दरीस हे नाव कोणी दिले म्हणून त्यांनी पुष्कळ हसून घेतले. गावचे लोक सांदण म्हणतात, सांधणही म्हणतात. घळीच्या तोंडाशी उभे राहिल्यावर आमच्या वहिनींच्या तोंडून मात्र ‘अगबाई, ही तर सांदच!’ असेच उद्गार निघाले, आणि मग फणसाची गोष्ट कोणी काढली नाही.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ही आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी होय, असे जिकडे तिकडे लिहिलेले आढळते, आणि येणारी मंडळी ते मोठ्या अभिमानाने एकमेकांस ऐकवितात. त्यात तथ्य नाही. तिबेटात त्सांगपो नदीची दरी काही ठिकाणी ५,००० मीटरांहूनही खोल आहे. तिच्यापुढे चारशे फुटांची मातबरी ती काय? सांदणचे वैभव खोलीत नाही, अरुंदपणात आहे. क्रमांकाची शाल पांघरल्यावाचूनही ती पुरेशी थोर आहे.

तिची घडण समजून घेतल्यास पाहण्याचा आनंद वाढतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ह्या भागी जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस थरावर थर असा वाहिला, व त्याच्या थिजण्याने दख्खनचे पठार झाले. घळीच्या भिंतीवर हे थर आडव्या पट्ट्यांनी सहज दिसतात. मधूनमधून दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकतात. अशा कठीण कातळास उभी चीर गेली म्हणजे पाणी नेमकी तीच वाट धरते. साम्रदच्या माळावर पडलेला पाऊस ह्याच चिरेतून कोकणात उडी घेत आला, आणि लक्षावधी पावसाळ्यांनी ही फट कोरून काढली. ही गोष्ट नुसती भूगोलाची नाही. जी वाट पाण्याने स्वतःसाठी केली तिच्यावरून आपण चाललो आहो, आणि मूळ धनी केव्हा परत येईल ते आभाळाकडे पाहूनच ठरवावयाचे असते, हे तिच्यावरून ध्यानात येते.

आभाळाची येथील कृपाही अपार आहे. शेजारच्या घाटघरास नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे. ह्याच पावसावर प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाखांद्यावरून निघून भंडारदऱ्याच्या जलाशयात साठते. तेथील धरण १९२६ साली पुरे झाले. जलाशयास आज आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे ह्यांचे नाव आहे. ह्याच अकोले भागातील महादेव कोळी समाजात जन्मलेल्या ह्या वीरास इंग्रजांनी १८४८ साली ठाण्यास फाशी दिले. इगतपुरी स्थानकावर उतरून घोटीवरून शेंडीस यावे, आणि शेंडीहून जलाशयाच्या काठाकाठाने साम्रद गाठावे. वाटेत रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन देवालय लागते. त्याच्या कोरीव कामासाठी अर्धा दिवस निराळा राखून ठेवावा. घाईने पाहण्यापेक्षा न पाहिलेले बरे. उत्तरेस कळसूबाईचे शिखर, १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रात सर्वांत उंच. दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे दुर्गम गड. हा सर्व मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. तेव्हा नाक्यावर जे प्रवेशशुल्क मागतील ते बिनतक्रार द्यावे व पावती जपून ठेवावी. शहरात एका चहाला जेवढे मोजतो तेवढ्यासाठी येथे घासाघीस करणारी सुशिक्षित माणसे पाहून आम्हांस लाज वाटली.

घळ पाहावयाचा हंगाम म्हणजे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा. पावसाळ्यात आत जाण्याचा विचारसुद्धा करू नये. पाऊस सरल्यावर लगोलग गेल्यास आतील डोह भरलेले असतात. चैत्र-वैशाखात पाणी उतरते, पण माळावरचे ऊन सोसत नाही आणि वळवाचे भय लागते. वळवाच्या सरीची गंमत अशी की ती आपल्या डोक्यावर पडावी लागत नाही. मागे माळावर पडली तरी पाणी धाव घेते ते घळीत, आणि घळीत तर वरच्या आभाळाची एक चिंधी तेवढी दिसत असते. मागे ढग भरून आले आहेत हे आतील माणसास कळावयास मार्ग नाही. म्हणून आत उतरण्यापूर्वी माळावर उभे राहून चहूंकडे नजर टाकावी, व गावकरी ‘आज नको’ म्हणाला तर शब्दही न बोलता परतावे. तो नको म्हणतो तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडत असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या शब्दाचे मोल कळते.

वाटाड्या घेणे आम्ही आवश्यक समजतो. वाट चुकण्याजोगी नाही हे खरे. फट एकच, पुढे आणि मागे. परंतु कोणता धोंडा हलतो, कोणत्या कोनाड्यात आग्यामोहोळ लागले आहे, काल पाणी किती होते, हे त्यालाच ठाऊक. आमचा वाटाड्या तिशीचा, महादेव कोळी समाजातला, घरी थोडी भाताची खाचरे असलेला होता. मितभाषी, पण जे बोले ते नेमके. प्रथम त्याने आमच्या सर्वांच्या पायांकडे पाहिले. एका पुतण्याच्या पायांत चपला होत्या; त्यास परत पाठवून बूट घालावयास लाविले. घळीतील कातळ पाण्याने इतका गुळगुळीत झाला आहे की सपाट तळव्याचे पादत्राण त्यावर ठरत नाही. खोबणीदार रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि पाणी आले तरी ते काढावयाचे नाहीत, कारण पाण्याखालच्या धोंड्यांच्या कडा दिसत नाहीत व अनवाणी पाय तेथेच कापतो. कोरडे मोजे आणि एक कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत बांधून घ्यावा म्हणजे झाले. सामान पाठीवर, हात मोकळे. पाणी प्रत्येकाचे स्वतःचे. गूळ-शेंगदाणे सर्वांत उत्तम शिदोरी. तिचा कचरा होत नाही.

येथे आमच्या एकत्र कुटुंबाची एक अडचण सांगणे प्राप्त आहे, आणि ती पुष्कळ घरची असेल. आमचे थोरले बंधू सदुसष्ट वर्षांचे. दादांचा शब्द घरात अखेरचा. मुंजीची तिथी असो की घराचा रंग, ते म्हणतील ते. त्यांस गुडघ्याची थोडी व्यथा आहे, ती ते मान्य करीत नाहीत. घळीच्या टोकापर्यंत जावयाचे असे त्यांनी महिनाभर आधी ठरविले होते. त्यांस अडविणार कोण? वहिनींनी आम्हांकडे पाहिले, आम्ही पुतण्यांकडे पाहिले, पुतण्यांनी आभाळाकडे पाहिले. सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी मात्र आपण होऊनच गावातल्या घरी थांबावयाचे ठरविले, आणि ‘मी बसते इथं चुलीशी, तुम्ही या हो जाऊन’ म्हणून सांगितले. दादांनी तो इशारा आपल्यासाठी नसल्याचे दाखविले.

सकाळी आठाच्या सुमारास आम्ही आत उतरलो. तोंडाशी झाडांच्या गार सावलीत एक जिवंत झरा आहे. त्यात भांडे बुडवून पाणी घेताना गावातली एक बाई दिसली. तिच्या हंड्यास आधी जागा द्यावी म्हणून आम्ही बाजूस थांबलो. हा झरा आपल्या दृष्टीने निसर्गशोभा, तिच्या दृष्टीने घरचे पाणी. येथे तोंड धुणे, साबण लावणे, खरकटी डबी विसळणे ह्या गोष्टी आपल्या स्वयंपाकघरातील पिण्याच्या पिंपात कोणी परक्याने कराव्या तशाच होत. देहधर्माविषयी संकोच सोडून लिहितो: ते गावातच उरकून यावे. घळीस आडोसा नाही, आणि तेथील प्रत्येक थेंब पुढे वाहत कोणाच्या तरी तोंडी लागतो.

झऱ्यापुढे वाट म्हणून काही उरत नाही. घोड्याएवढे, गाडीएवढे, कोठे कोठे खोलीएवढे धोंडे एकमेकांवर रचून ठेवावेत तसे पडले आहेत आणि त्यांवरून, त्यांमधून, क्वचित त्यांखालून जावयाचे. वाटाड्याने मुलांस एकच नियम घालून दिला. दोन हात आणि दोन पाय ह्या चारांपैकी तीन टेकलेले असल्याखेरीज चौथा उचलावयाचा नाही. उडी मारावयाची नाही. ज्या उडीने खाली उतरणे सोपे, तिनेच परतीस चढणे अशक्य होते. एकेका धोंड्यावर एकच माणूस. पुढचा उतरून बाजूस झाला म्हणजे मग मागच्याने पाय टाकावयाचा. ही शिस्त म्हटली तर सुरक्षिततेची, म्हटली तर सभ्यतेची. मागच्याची घाई पुढच्याच्या पाठीवर येते, मग कितीही चांगल्या घरचा माणूस असो, त्याचा तोल जातो.

जसजसे आत जावे तसतसा उजेड बदलतो. ऊन भिंतीच्या माथ्यावर कोठेतरी पिवळे दिसते, तळाशी निळसर सावली. सूर्य थेट तळाशी पोचतो तो मध्यान्हीस थोडा वेळ. हवा गार, ओलसर; बोलणे आपोआप हळू होते, कारण आपलाच आवाज मोठा होऊन परत येतो. आमच्या घरात एरव्ही दोन माणसे एका वेळी बोलत नाहीत असा प्रसंग विरळा. येथे नऊतील आठ जण मिनिटेच्या मिनिटे गप्प होते.

ह्या शांततेतच एकदा वरून टपटप असा नाद आला. प्रथम आम्हांस पाण्याचे थेंब वाटले. वाटाड्या मात्र जागच्या जागी थांबला आणि दबल्या आवाजात म्हणाला, ‘बोलू नका, भितीला खेटून उभं ऱ्हा.’ आम्ही भिंतीस पाठ लावितो न लावितो तो समोर दहा-बारा हातांवर नारळाएवढा दगड येऊन फुटला. त्याच्या ठिकऱ्या दुसऱ्या भिंतीपर्यंत उडाल्या. वाटाड्याने तोंडाशी हात धरून वर अशी लांब आरोळी ठोकली की घळ दणाणून गेली. पाठोपाठ वरून हसण्याचा आवाज आला, मग तो थांबला. माळावरून कडेशी आलेल्या कोणा तरुणांनी खोली अजमावण्यासाठी दगड सोडला होता. खाली माणसे असतील हे त्यांच्या मनात आले नसावे. वाईट बुद्धीची माणसे ती नव्हेत. पुढे परतीस तोंडाशी ती भेटली तेव्हा त्यांपैकी एकाने दादांच्या पायांस हात लावून क्षमा मागितली. पण चारशे फुटांवरून आलेल्या दगडास सोडणाऱ्याची बुद्धी कशी होती हे कळत नाही. कडेवर उभे राहून पाहणाऱ्याने दगड टाकावयाचा नाही, लाथेनेही ढकलावयाचा नाही, आणि कडेच्या सुट्या मातीवर जावयाचेच असेल तर पोटावर पालथे पडून पाहावयाचे, हे आपल्या मुलांस घरूनच सांगून न्यावे.

आरोळीनंतर वाटाड्याने आणखी एक सांगितले. तो सहसा घळीत ओरडत नाही, कारण भिंतींच्या कपारींत आग्यामोहोळे असतात. मोठा गोंगाट, धूर, उग्र अत्तराचा वास ह्यांनी ह्या माश्या चवताळतात, आणि घळीत पळावयास दोनच दिशा. तेव्हा गाणी वाजविणारी यंत्रे आत नेऊ नयेत. शेकोटी तर मुळीच करू नये. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड व मान कपड्याने झाकून, तेथून दूर होत राहावे. आम्हांवर तो प्रसंग आला नाही.

मग पहिले पाणी आले. दोन भिंतींमध्ये काठोकाठ पसरलेला, हिरवट काळा, निश्चल डोह. बाजूने वाट नाही. त्या दिवशी पाणी मांडीपर्यंत होते. पलीकडे थोडेसे चालले की दुसरे पाणी, ते कमरेच्या वर. येथे वाटाड्या थांबला आणि दादांच्या समोर जाऊन उभा राहिला. ‘बाबा,’ तो म्हणाला, ‘इथवर तुम्ही झकास आलात. म्होरं पाणी कमरंला लागंल आन् खालचा धोंडा दिसत न्हाय. तुम्ही हितंच बसायचं.’ बसाल का, असे त्याने विचारले नाही. आम्ही सर्वजण पाण्याकडे पाहू लागलो. दादांच्या समोर असे बोललेले आमच्या आठवणीत कोणी नाही. दादांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मग डोहाकडे, आणि पिशवी खांद्यावरून काढून एका सपाट धोंड्यावर ठेविली. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘हा भाग तुमचा.’ बारा वर्षांखालील दोन्ही मुले व वहिनी त्यांच्यापाशी राहिल्या.

दादांची सारी हयात रेल्वेच्या नोकरीत गेली आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वी लोखंडी गोळ्याची पद्धत असे; ज्या चालकाच्या हाती गोळा, त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरावयाची. हे ते आम्हांस लहानपणापासून सांगत आले आहेत. आम्ही पाण्यात उतरलो इतक्यात पलीकडून दहा-बारा माणसांचे एक टोळके परत येताना दिसले. डोहात एका वेळी दोन रांगा मावणे शक्य नव्हते. आम्ही मागे सरलो. तेव्हा दादांनी आपली हातातली काठी उंच धरून पलीकडच्यांस सांगितले, ‘आधी तुम्ही या!’ आणि त्यांतील शेवटच्या माणसाने ती काठी हाती घेऊन आमच्या हवाली केल्यावरच आम्हांस पुढे सोडिले. पुढील तीन तास हे काम त्यांनी मोठ्या निष्ठेने चालविले. आम्ही परतलो तेव्हा अनोळखी मंडळीही काठी कोणाजवळ आहे म्हणून चौकशी करीत होती!

बाहेर येणाऱ्यांस आधी वाट देण्यात तर्क सोपा आहे. ते भिजलेले, थकलेले असतात. शिवाय आतली माणसे बाहेर आल्याखेरीज आत जागा होत नाही. गाडीच्या डब्यापाशी हे सर्वांस कळते, घळीत विसरले जाते. चिंचोळ्या जागी मध्येच थांबून छबी काढीत राहणे हाही तसाच प्रकार. छबी जरूर काढावी. पण मोकळी जागा पाहून, मागच्यास पुढे जाऊ देऊन. आम्ही एके ठिकाणी पाऊण तास नाही तरी पाव तास कंबरभर पाण्यात ताटकळलो, कारण पुढील एका दांपत्यास उजेड मनासारखा मिळत नव्हता. पौषातले पाणी किती गार असते हे त्यांस कोरड्या धोंड्यावरून कळत नव्हते.

दुसऱ्या पाण्यातून जाताना पिशव्या डोक्यावर घ्याव्या लागल्या. एक हात भिंतीस, पायाने आधी चाचपून मग भार टाकावयाचा. त्यापुढे पुन्हा धोंडे, आणखी मोठे, उतार आणखी तीव्र. भिंतींवर कोठे कोठे खडूने, रंगाने कोरलेली, लिहिलेली नावे दिसली. त्यांत जोडनावे अधिक. ६ कोटी वर्षे जुन्या कातळास आपले नाव कशाला हवे असेल, ते लिहिणाऱ्यांसच ठाऊक.

आणि मग एकाएकी उजेड. घळ संपते तेथे जमीनच संपते. समोर उभी पोकळी, खाली खोलवर कोकण, धुरकट निळी गावे आणि शेते, डावीउजवीकडे सह्याद्रीचे कडे एकामागून एक पुढे झेपावलेले. आम्ही कडेपासून तीन-चार हात मागे बसलो. वाटाड्याने उभे राहू दिले नाही. फटीतून येणारा वारा येथे एकदम मोकळा होतो आणि त्याचा झोत माणसास हलवितो. येथून दोरांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने कोकणात उतरणारी मंडळी असतात. ते काम शिकलेल्यांचे, साधने व जाणते सोबती असलेल्यांचे. कुटुंबाच्या सहलीची सीमा येथेच. भ्रमणध्वनीचा येथे भरवसा धरता येत नाही, इस्पितळ घाटापलीकडे दूर, आणि पाय मोडलेल्या माणसास ह्या धोंड्यांवरून वर नेणे म्हणजे चार धडधाकट माणसांचा सबंध दिवस. हे चार जण बहुधा साम्रदचे असतात, आणि आपापली कामे टाकून आलेले असतात.

परतीची वाट चढाची, म्हणून जाण्यापेक्षा अधिक वेळाची. दोन प्रहरी आम्ही निघालो आणि तिसऱ्या प्रहरी वर आलो. घळीत अंधार बाहेरच्यापेक्षा फार आधी पडतो हे ध्यानी ठेवून परतीची वेळ आधीच नक्की करावी व टोक गाठले नसले तरी त्या वेळी फिरावे.

गावात काकू चुलीशीच बसल्या होत्या, पण पाहुण्या म्हणून नव्हे. त्या दिवशी एकादशी होती. काकूंनी सकाळी संकोचाने घरच्या बाईंस ‘मला आज उपास आहे हो, माझ्यासाठी काही करू नका’ म्हणून सांगितले होते. त्यावर बाईंनी आतून सूप भरून वरई आणिली. आपण शहरात उपासास भगर म्हणून जी पुडीतून आणितो ती ह्याच डोंगरउतारांवर पिकते, हे काकूंस ठाऊक नव्हते. आम्हांसही घरात कोणास कधी विचारावेसे वाटले नव्हते. बाईंनी ती उखळात सडून दाखविली, काकूंनी तीत शेंगदाण्याचा कूट किती घालावयाचा ते सांगितले, आणि दोघींनी मिळून ती रांधली. आम्ही पोहोचलो तेव्हा दोघी एकाच पितळीतून चव पाहून मिठाविषयी वाद घालीत होत्या. इतरांस नागलीची भाकरी, पिठले आणि घरचा तांबडा भात मिळाला. जेवणाचे पैसे देताना काकूंनी आमच्या हातातील रक्कम पाहून ‘एवढेच?’ असे विचारले, तेव्हा आम्ही ती वाढविली. दोन पायली वरई बरोबर घेतली.

निघताना दादांनी वाटाड्यास पाणी सर्वांत कमी केव्हा असते म्हणून विचारले. शिमग्याच्या आसपास पहिले पाणी घोट्याशी येते, दुसरे गुडघ्याच्या वर राहते, असे तो म्हणाला. दादांनी ते वहीत टिपून घेतले आहे.